कंसातली सात वर्षं

एका वाचक मुलीचं पत्र आलंय, बरंच मोठं आहे. त्यातला मुख्य भाग तिच्याच शब्दांत देते.

"ताई, माझं वय बत्तीस. लग्नाला तीन वर्षं झाली. नवरा अमेरिकेत, मी इथे. लग्नानंतर चार महिन्यांनी त्याने माझ्यासाठी आय-१३० हा बायकोला तिकडे नेण्याचा अर्ज भरला, त्याला आता दोन वर्षं आठ महिने झाले. अर्ज मंजूर झालाय, पण आमचा वर्ग एफ२ए, म्हणजे ग्रीन कार्डधारकाच्या बायकोचा, त्यामुळे प्रायॉरिटी डेट करंट होत नाही, म्हणजे आमच्या अर्जाच्या तारखेचा नंबर लागत नाही, तोवर पुढचं काही हलत नाही. दर महिन्याला व्हिसा बुलेटिन, म्हणजे कुठल्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला ते सांगणारं अमेरिकन सरकारचं पत्रक, आलं की मी त्यातले दोन्ही तक्ते बघते, व्हिसा मिळण्याच्या तारखांचा फायनल ॲक्शनचा आणि कागदपत्रं भरण्याच्या तारखांचा डेट्स फॉर फायलिंगचा, आणि तारखा वहीत लिहून ठेवते. दिवसातून दहा वेळा केस स्टेटस उघडते. रात्री दोनला जाग येते ती येतेच. लग्नकार्यांना जाणं सोडलंय, कारण जो भेटेल तो विचारतो, 'मग, कधी निघणार?' नवरा फार समजूतदार आहे. रोज फोन करतो, कधी आवाज चढवत नाही. म्हणतो, 'सरकारी काम आहे, आपल्या हातात काय आहे?' (त्याला ग्रीन कार्ड मिळून गेल्या महिन्यात सात वर्षं झाली, तिथे त्याचं चांगलं बस्तान बसलंय.) मीच अधीर होते, त्याच्यावर राग काढते आणि मग रडते. मूल कधी, हा विषयसुद्धा 'तू इकडे आलीस की' इथे येऊन थांबतो. ताई, मन शांत ठेवायला काय करू? संयम कसा वाढवू?"

अगं, संयम तुझ्याकडे गरजेपेक्षा जास्त आहे. तो आणखी वाढवायला मी मदत करणार नाही.

मला एवढंच सांग, ती सात वर्षं तू कंसात का घातलीस?

पहिल्या वाचनात ते वाक्य माझ्याही नजरेतून निसटलं. दुसऱ्यांदा वाचताना मी तिथे थांबले आणि मग बाकीचं पत्र मला वेगळंच दिसायला लागलं. तुझ्यासारख्याच रांगेत असलेल्या आणखीही कुणी हे वाचत असतील, म्हणून जरा सविस्तर सांगते. तू ज्या रांगेत उभी आहेस, ती ग्रीन कार्डधारकांच्या नवरा-बायकोसाठी आणि लहान मुलांसाठी असलेली रांग आहे. तिथे दरवर्षी किती व्हिसा द्यायचे याला मर्यादा आहे आणि म्हणूनच तारखा आहेत, बुलेटिन आहे, तुझी वही आहे. अमेरिकन नागरिकाच्या बायकोला ही रांगच नसते. तिच्यासाठी मर्यादा नाही, करंट व्हायची डेट नाही. आणि ग्रीन कार्ड मिळून पाच वर्षं झाली की माणूस नागरिकत्वासाठी एन-४०० हा अर्ज करू शकतो. पाच वर्षं भरायच्या ९० दिवस आधीही तो भरता येतो. त्या पाच वर्षांत निदान ३० महिने तो प्रत्यक्ष अमेरिकेत राहिलेला असावा लागतो आणि सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिला असेल तर अडचण येऊ शकते. पण "तिथे चांगलं बस्तान बसलेल्या" माणसाला हे जड जाऊ नये.

आता तुझ्याच आकड्यांचा हिशेब करू. त्याने तुझा आय-१३० भरला तेव्हा त्याच्या ग्रीन कार्डला चार वर्षं पाच महिने झाले होते. पाच वर्षं पुरी व्हायला सात महिने उरले होते. ते ९० दिवस वजा केले तर चार महिने. म्हणजे तुझा अर्ज गेल्यावर चार महिन्यांनी तो नागरिकत्वासाठी अर्ज करू शकत होता. त्याला आज दोन वर्षं चार महिने होऊन गेले. नागरिकत्वाचा अर्ज, बोटांचे ठसे, मुलाखत, इंग्रजीची आणि नागरिकशास्त्राची परीक्षा, शपथ, हे सगळं होऊन आज तू कदाचित त्याच्याजवळ असतीस.

हे लिहिताना मला राग येतोय आणि तो मी लपवत नाही. "आपल्या हातात काय आहे?" असं रोज म्हणणाऱ्या माणसाच्या हातात एक गोष्ट होती, आणि ती एकट्या त्याच्याच हातात होती. ती त्याने केली नाही आणि का केली नाही हे तुला सांगितलंही नाही. आवाज न चढवणं चांगलंच. पण ज्याला काही सोसावं लागत नाही त्याला शांत राहणं सोपं जातं. तो तिकडे त्याच्या घरात, त्याच्या नोकरीत आहे. रात्री दोनला जाग तुला येते, लग्नकार्यं तू सोडलीस. आणि वर अधीर असल्याची माफीही तूच मागतेस.

पण माझा खरा प्रश्न त्याच्यासाठी नाही, तुझ्यासाठी आहे. जी मुलगी दर महिन्याला बुलेटिनचे दोन्ही तक्ते वाचून तारखा वहीत लिहून ठेवते, तिला नागरिकत्वाचा नियम माहीत नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. तू या विषयावरचं सगळं वाचलं आहेस. हे तुला माहीत आहे. निदान दीड-दोन वर्षं तरी माहीत असणार. आणि तरी तू त्याला विचारलं नाहीस. मला लिहितानासुद्धा ते कंसात घातलंस, सहज सांगावं तसं, म्हणजे मी विचारलं तर मी विचारलं, तू नाही.

तू घाबरली आहेस, पोरी. रांगेची वाट बघताना दोष सरकारचा असतो. त्याला प्रश्न विचारलास तर उत्तर येईल आणि ते उत्तर काय असेल याची तुला धास्ती वाटते. म्हणून तू दिवसातून दहा वेळा केस स्टेटस बघतेस. तारखांचं बुलेटिन महिन्यातून एकदाच निघतं हे तुझ्यापेक्षा चांगलं कुणाला ठाऊक असणार?

मी हे पुस्तकातलं बोलत नाही. माझ्या लग्नानंतरची पहिली दोन वर्षं माझा नवरा आखातात होता आणि मी इथे सासरी. बायकोला नेता येईल अशी जागा मिळायला वेळ लागतो, असं तो पत्रात लिहायचा. मी विश्वास ठेवला, कारण ठेवायचा होता. त्याच्याबरोबरच्या दुसऱ्या एकाची बायको गेली, तिसऱ्याची गेली, तरी मी विचारलं नाही. शेवटी कळलं की लग्नाआधीचं एक कर्ज होतं, ते फेडेपर्यंत मला नेणं त्याला परवडत नव्हतं आणि सांगायची लाज वाटत होती. कर्जाचं मला काहीच वाटलं नाही, मी चार शिकवण्या जास्त घेतल्या असत्या. त्या दोन वर्षांचं मात्र वाटत राहिलं. आजही वाटतं.

तुझ्या नवऱ्याचंही काही कारण असेल. ते वाईटच असेल असं नाही. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमाप्रमाणे, दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की इथलं संपतं. पासपोर्ट परत करावा लागतो, मतदान जातं. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं ओसीआय कार्ड मिळतं, पण त्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित जमीन वारशाने येऊ शकते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं आणि त्या भीतीने ते वर्षानुवर्षं अर्ज करत नाहीत. काहींच्या वडिलांना ते नको असतं. काहींना स्वतःलाच तो निळा पासपोर्ट हातातून सोडवत नाही. अशा माणसाला मी हसणार नाही. आपण कुठले, हा प्रश्न कुणाला खरोखर छळत असेल तर त्याला वेळ लागतो. पण मग तो प्रश्न तुम्हा दोघांचा आहे, कारण त्याची किंमत तू भरते आहेस. त्याने एकट्याने मनात ठेवून "सरकारी काम" म्हणणं मला मान्य नाही.

दुसरंही असू शकतं. मधे तो बराच काळ भारतात राहिला असेल, कधी कर भरायचा राहिला असेल, कधी पोलिसांशी संबंध आला असेल, आणि अर्जात ते सगळं विचारतात म्हणून तो टाळत असेल. तसं असेल तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाकडे जायचं, मग अर्जाचं बघायचं. त्या बाबतीत घाई करू नका. किंवा नुसता आळस असेल. किंवा आहे तसं त्याला बरं वाटत असेल, इकडे बायको, तिकडे आपलं आयुष्य. हे शेवटचं लिहिताना माझा हात अडखळला. पण रात्री दोनला तुझ्या मनात हेच येत असणार, म्हणून लिहिते.

तुला ज्या रांगेचा आधार वाटतो, ती तरी किती भरवशाची? जुलै २०१९ पासून मार्च २०२३ पर्यंत एफ२ए ला तारीखच नव्हती, सगळे करंट होते. एप्रिल २०२३ च्या बुलेटिनमध्ये एकदम सप्टेंबर २०२० ची तारीख लागली आणि उद्या-परवा निघू म्हणणारे लोक जिथल्या तिथे अडकले. जी रांग अशी एका महिन्यात बंद होते, तिच्या जोरावर मूल कधी हे ठरवू नकोस.

तर येत्या रविवारी त्याला विचार. त्याच्याकडे सकाळ असेल, तुझ्याकडे संध्याकाळ, आणि त्याला ऑफिसची घाई नसेल. व्हिडिओ कॉलवर विचार, मेसेजवर नको, कारण मेसेजला माणूस विचार करून गोड उत्तर देतो. एकच प्रश्न: "तू एन-४०० का भरला नाहीस?" त्याआधी प्रस्तावना नको, "तुला वाईट वाटणार नसेल तर" नको. रडू आलं तर येऊ दे, पण प्रश्न मागे घेऊ नकोस. आणि विचारून झालं की गप्प बस. तो गडबडेल, विषय बदलेल, "तुला काय वाटतं, मला तू नको आहेस का?" असंही म्हणेल. त्याला सावरून घ्यायची तुला सवय आहे. या वेळी सावरू नकोस, उत्तराची वाट बघ. वाट बघणं तुला छान जमतं, ते जरा इथे वापर.

कदाचित तो म्हणेल की त्याला हे माहीतच नव्हतं. सात वर्षं तिथे राहिलेल्या माणसाच्या तोंडी मला ते पटणार नाही, पण तू त्याच्यावर विश्वास ठेव आणि त्याच बैठकीत दोघांनी अर्ज उघडा. तुमचं त्यात नुकसान काहीच नाही. तुझा आय-१३० तसाच राहतो. तो नागरिक झाला की नागरिकत्वाच्या प्रमाणपत्राची प्रत पाठवून तीच केस नागरिकाच्या बायकोची करून घेता येते, नवा अर्ज भरावा लागत नाही. मधल्या काळात तुझी डेट करंट झालीच तर उत्तम, त्या वाटेने जा. तो नागरिक झाल्यावरही कागदपत्रं तपासणारं नॅशनल व्हिसा सेंटर, डीएस-२६० हा व्हिसाचा अर्ज, त्याच्या उत्पन्नाचं हमीपत्र, तुझं पोलीस क्लिअरन्स, मेडिकल, मुंबईच्या कॉन्सुलेटमधली मुलाखत, हे सगळं आहेच आणि त्यात महिने जातात. ते मी तुझ्यापासून लपवत नाही. पण त्यातल्या प्रत्येक टप्प्यावर तुम्हाला काहीतरी करता येतं. आज तू करतेस काय? दुसऱ्यांच्या तारखा वहीत उतरवतेस.

हे वाचणाऱ्या आणि पदरात मूल असलेल्या बायांनो, तुमच्यासाठी एक वेगळी सूचना. एफ२ए मध्ये मूल आईच्याच अर्जावर जाऊ शकतं. नवरा नागरिक झाला की ती सोय राहत नाही, प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र आय-१३० भरावा लागतो. शपथेच्या आधीच वकिलाला विचारून ते करून घ्या, नाहीतर तुमची मुलाखत लागेल आणि मूल मागे राहील.

आणि तू, तो "बघू" म्हणाला तर त्याला विचार, कधी? महिना सांग म्हणावं, दिवस सांग म्हणावं. जी तारीख तो देईल ती त्याच वहीत लिही, बुलेटिनच्या तारखांच्या खाली, आणि त्याला कॅमेऱ्यातून दाखव की लिहिली आहे. तारीख द्यायला तो तयार झाला नाही, तर मला पुन्हा लिही. त्या वेळी कंस करू नकोस.