वाचकांचे प्रश्न : उंच केलेली पिकअप आणि मागे बोट

प्रश्न : माझ्याकडे फोर बाय फोर पिकअप आहे. तिला मी चार इंची लिफ्ट किट (गाडी उंच करणारा संच) बसवले आणि मूळच्या २४५/७० आर १६ टायरऐवजी २८५/७५ आर १६ मापाचे मड टेरेन, म्हणजे चिखलात चालणारे, टायर घातले. नंतर मेहुण्यांबरोबर भागीत अठरा फुटी फायबरची बोट घेतली. ११५ अश्वशक्तीचे आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून टांगलेले) इंजिन, पेट्रोल आणि ट्रेलर धरून वजन अकराशे किलोंच्या आसपास असल्याचे विक्रेत्याने सांगितले. ट्रेलर एका आसाचा असून त्याला स्वतःचे ब्रेक नाहीत. गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याची मर्यादा याहून बरीच जास्त दिलेली आहे. असे असूनही नेरुळहून पेणकडे जाताना कर्नाळ्याच्या खिंडीत चढावर गाडी दमली आणि उतारावर ट्रेलर मागे डुलू लागला. मोठ्या टायरमुळे गाडी अधिक दणकट व्हायला हवी होती, मग असे का व्हावे? — एक वाचक, नेरुळ

उत्तर : पुस्तिकेतील मर्यादा कारखान्यातून बाहेर पडलेल्या गाडीची असते. आपली गाडी आता ती गाडी राहिलेली नाही, त्यामुळे तो आकडा आपल्याला लागू होत नाही, आणि नवा आकडा काढून देण्याची जबाबदारी ना कंपनी घेते, ना लिफ्ट किट विकणारा.

प्रथम टायरचा हिशेब पाहू. मूळ टायरचा व्यास सुमारे ७४९ मिलिमीटर होता, नव्याचा सुमारे ८३४ आहे, म्हणजे वाढ ११ टक्क्यांची झाली. इंजिन आणि गिअरबॉक्स तेच असल्यामुळे चाकाच्या एका फेऱ्यात गाडी ११ टक्के अधिक अंतर कापते आणि रस्त्यावर मिळणारी ओढ त्याच प्रमाणात, साधारण १० टक्क्यांनी, कमी होते. आपल्या डिफरन्शियलचे (आसावरच्या, चाकांना गती देणाऱ्या दात्यांच्या पेटीचे) गुणोत्तर ४.१० असेल, तर ते आता ३.६८ असल्यासारखे वागते. रिकाम्या गाडीत हे फारसे कळत नाही, पण मागे अकराशे किलो असताना चढावर एक गिअर खाली जाऊनही गाडी ओढत नाही असे वाटते, आणि मॅन्युअल गिअर असल्यास सुटताना क्लच अधिक घासला जातो.

यावर खरा उपाय डिफरन्शियलचे दाते बदलण्याचा आहे. ४.१० च्या जागी ४.५६ चा संच बसवला, तर ११ टक्क्यांचा फरक जवळजवळ पुरता भरून निघतो. मात्र फोर बाय फोर गाडीत पुढचा आणि मागचा असे दोन्ही संच बदलावे लागतात. एकच बदलून फोर बाय फोर लावले, तर पुढची आणि मागची चाके वेगवेगळ्या गतीने फिरू पाहतात आणि ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या आसांना शक्ती वाटणारी पेटी, मोडते. हे काम खर्चिक आहे आणि ते नीट करणारे कारागीर मोजके आहेत.

वेगदर्शकाचेही तसेच आहे. कारखान्यातील वेगदर्शक मुळात थोडा अधिकच वेग दाखवतो, त्यामुळे पूर्ण ११ टक्क्यांची चूक दिसणार नाही. तरी काटा ८० वर असताना गाडी त्याहून वेगात असण्याची शक्यता मोठी आहे. मोबाइलमधील जीपीएसवर एकदा पडताळून घ्यावे.

चढाचा प्रश्न गैरसोयीचा आहे, उताराचा मात्र जिवावर बेतणारा. ब्रेकची तबकडी तीच, तिला आवळणारे कॅलिपर तेच आणि चाक मोठे, त्यामुळे पेडल तितकेच दाबूनही रस्त्यावर मिळणारा रोध १० टक्क्यांनी घटतो. शिवाय जड चाकांचे फिरणे थांबवण्यात आणखी शक्ती जाते. त्यात ट्रेलरला ब्रेक नाहीत, म्हणजे ते अकराशे किलोही पिकअपच्याच ब्रेकवर येतात. युरोपात ७५० किलोंहून जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणे बंधनकारक आहे, आणि आपण घाटात जाणार असाल तर तो दंडक इथेही पाळावा असे माझे स्पष्ट मत आहे. गाडी थांबू लागली की ट्रेलर पुढे रेटतो आणि त्या रेट्यानेच त्याचे ब्रेक लागतात, अशी ओव्हररन पद्धतीची यांत्रिक व्यवस्था आपल्या वजनाच्या बोटीला पुरेशी आहे. पुढच्या लिफ्ट किटवर किंवा दिव्यांच्या पट्टीवर पैसे घालण्याऐवजी ते इथे घालावेत.

आता ट्रेलर का डुलला ते पाहू. ट्रेलरच्या दांडीने गाडीच्या बॉलवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या गोळ्यावर, पुरेसा भार द्यावा लागतो, नाहीतर ट्रेलर डुलतो. आपल्यासारख्या ट्रेलरला तो एकूण वजनाच्या सुमारे १० टक्के, म्हणजे ११० किलोंच्या आसपास असावा. बैलगाडीत मागे माल जास्त झाला की ती उलाळ होते, म्हणजे पुढून उचलली जाते, तसेच इथे घडते, कारण आउटबोर्ड इंजिन अगदी शेपटाला टांगलेले असते आणि पेट्रोलची टाकीही बहुधा मागेच असते. विक्रेत्याच्या अंदाजावर विसंबू नका. कळंबोलीच्या लोखंड बाजाराच्या परिसरात ट्रकांचे वजनकाटे आहेत, तिथे भरलेला ट्रेलर गाडीपासून सोडून तोलून घ्या. दांडीचा भार मात्र घरच्या वजनकाट्यावरही मोजता येतो : काट्याची क्षमता १५० किलो असावी, ट्रेलर सपाट जमिनीवर आणि त्याची चाके ठोकळ्यांनी अडवलेली असावीत, आणि दांडी बॉलच्या नेहमीच्या उंचीवर काट्यावर टेकवावी. भार ८० किलोंच्या आत भरला, तर विंचचा (बोट ट्रेलरवर ओढून घेणाऱ्या चरखीचा) खांब पुढे सरकवून बोट पुढे घ्यावी लागेल. उलट भार फार वाढवणेही बरे नाही. बॉल मागच्या आसापासून १.२ मीटर मागे आणि व्हीलबेस ३.१ मीटर धरला, तर ११० किलोंच्या भाराने मागच्या आसावर सुमारे १५३ किलो चढतात आणि पुढच्या आसावरून ४३ किलो उतरतात, म्हणजे ज्या चाकांनी गाडी वळते तीच हलकी होतात.

डुलण्याचे दुसरे कारण टायरच्या भिंतीत आहे. मूळ टायरची भिंत सुमारे १७१ मिलिमीटर उंच होती, नव्याची २१४ आहे. उंच भिंत आडवी अधिक लवते, मड टेरेनचे मोठे ठोकळेही रस्त्यावर किंचित सरकतात, आणि गाडीचा मागचा भाग आडवा जितका सैल, तितक्या कमी वेगात ट्रेलर डुलू लागतो. किनाऱ्यावरच्या वाळूसाठी हवा कमी केली असेल आणि परतताना तशीच ठेवली असेल, तर हे दुपटीने जाणवेल.

तिसरी बाब उंचीची. लिफ्टचे १०० मिलिमीटर आणि टायरच्या वाढलेल्या त्रिज्येचे ४२, असा आपला बॉल १४२ मिलिमीटर वर गेला आहे. नाक वर केलेला ट्रेलर पाहिला की सगळे त्यालाच दोष देतात, पण एका आसाच्या ट्रेलरमध्ये एवढ्याने दांडीचा भार थोड्याच किलोंनी घटतो. अधिक त्रास दोन गोष्टींचा असतो. बोटीच्या तळात साचलेले पाणी मागे धावते आणि तेवढे वजन शेपटाकडे जाते. आणि ब्रेक दाबताना ट्रेलरचा रेटा उंचावरून लागल्याने गाडीचा मागचा भाग अधिक उचलला जातो. दोन आसांचा ट्रेलर असता, तर सगळा भार त्याच्याच मागच्या आसावर पडून गोष्ट आणखी बिघडली असती. बॉल खाली आणणारा ड्रॉप माउंट लावून ट्रेलर सपाट करावा. आधी गाडी उंच करण्यासाठी पैसे मोजायचे आणि मग बॉल खाली आणण्यासाठी पुन्हा मोजायचे, हा या छंदाचा भागच म्हणायचा. माउंट चेसिसला बांधलेल्या रिसीव्हरमध्येच (माउंट अडकवायच्या नळीतच) बसला पाहिजे. बंपरला किंवा गाडी ओढून काढण्याच्या हुकाला मुळीच नाही. बॉल आणि त्यावर बसणाऱ्या दांडीच्या टोकाचे, म्हणजे कपलरचे, मापही तपासा, कारण ५० मिलिमीटर आणि दोन इंच, म्हणजे ५०.८ मिलिमीटर, हे एक नव्हे. मागची लिफ्ट स्प्रिंगचे पाटे आणि आस यांच्यामध्ये ठोकळे घालून केलेली असेल, तर जोर लावताना आस पिळला जातो, हेही मेकॅनिकला दाखवून घ्या.

कायद्याविषयी आपण विचारले नाही, तरी सांगणे भाग आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे कलम कडकपणे वाचले आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अपघात झाल्यास विमा कंपनी न कळवलेल्या बदलांकडे बोट दाखवू शकते. ट्रेलरही कायद्याच्या व्याख्येत मोटार वाहनच आहे, त्यामुळे त्याची नोंदणी आणि विमा हवा.

तेव्हा माझा सल्ला असा : मूळचे रिम आणि टायर विकले नसतील, तर बोट न्यायच्या दिवशी पाचही चाके, म्हणजे स्टेपनीसह, मूळ मापाची लावा. गिअर, ब्रेक, वेगदर्शक आणि टायरची भिंत, या चारही तक्रारी त्या एका कामाने मिटतात. लिफ्ट काढून टाकणे उत्तम. तूर्त ठेवायचीच असेल, तर १०० मिलिमीटरचा ड्रॉप माउंट लावा. खिंडीत उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर घ्या आणि ट्रेलर डुलू लागल्यास जोरात ब्रेक न मारता, स्टिअरिंग सरळ धरून, ॲक्सिलरेटर सोडा. मोठ्या टायरवरच बोट न्यायचा हट्ट असेल, तर ४.५६ चे दोन्ही संच आणि ट्रेलरचे ब्रेक आधी, बोट नंतर.

प्रश्न : मोठ्या टायरचा निदान रॅम्पवरून बोट काढताना तरी फायदा होतो ना? — एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : थोडा होतो. गाडी उंच असल्याने मागचे हब (चाकांचे बेअरिंग असलेले मधले भाग) आणि डिफरन्शियल खाऱ्या पाण्यात कमी बुडतात. पकड मात्र टायरच्या आकाराने नव्हे, रॅम्पवरच्या शेवाळाने ठरते, आणि खाडीच्या बाजूला ते भरपूर असते. ओल्या रॅम्पवर फोर लो, म्हणजे फोर बाय फोरचा हळू गतीचा गिअर, लावा. त्यात ओढ दुपटीहून अधिक वाढते, त्यामुळे टायरमुळे गमावलेले १० टक्के तिथे अडचण करत नाहीत आणि क्लचही वाचतो. कोरड्या डांबरावर आल्याबरोबर टू व्हीलवर या. ठाण्याच्या खाडीत ओहोटीला पाणी दूर जाऊन चिखल उघडा पडतो आणि उधाणाच्या दिवसांत तर भरती-ओहोटीचा फरक चार-पाच मीटरचा असतो, म्हणून भरती चढत असताना बोट काढायची वेळ धरावी. जेट्टीवर ट्रेलर उतरवण्याची परवानगी आधी विचारून घ्यावी, आणि खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्यात येतो हेही ध्यानात असू द्यावे.

ट्रेलर पाण्यात घालण्यापूर्वी दिव्यांची वायर काढा आणि हब हाताला गार लागेपर्यंत थांबा, कारण तापलेला हब एकदम पाण्यात गेला की आतली हवा आकसून खारे पाणी बेअरिंगमध्ये ओढले जाते. घरी आल्यावर हब, ब्रेक आणि पाटे गोड्या पाण्याने धुवा. ग्रीस पांढरट दिसू लागले, तर आत पाणी गेले आहे असे समजून बेअरिंग उघडून नवे ग्रीस भरून घ्या.