पिल्लू पडलंय, उचलू का? आणि घरट्यांबद्दलचे बाकीचे प्रश्न

घरट्यांचे फोटो आणि घाबरलेले मेसेज सध्या एकत्रच येतायत, त्यातले काही घेतो.

प्रश्न: बुलबुलचं पिल्लू जमिनीवर सापडलं, उडता येत नाहीये. माणसाचा हात लागला की आई परत घेत नाही म्हणतात, मग घरीच वाढवू का?

नको. आधी पिल्लाकडे नीट बघा. अंगावर पिसं आलीयत, शेपूट आखूड आहे, टुणटुण उड्या मारतंय, तर ते पडलेलं नाही, स्वतःहून बाहेर आलंय. बुलबुलची पिल्लं धड उडता यायच्या आधीच घरटं सोडतात आणि पुढे बरेच दिवस आईबाप त्यांना झुडपात, जमिनीवर, असतील तिथे जाऊन भरवतात. जवळ मांजर किंवा रस्ता असेल तर उचलून लगतच्या झुडपात ठेवा आणि लांब जा, लांब म्हणजे खरंच लांब, कारण तुम्हीच तिथे उभं राहून "आई कुठेय, आई कुठेय" करत बसलात तर ती येणारच नाही. पिसं नसलेलं, डोळे मिटलेलं पिल्लू मात्र परत घरट्यात ठेवायचं. घरटंच कोसळलं असेल तर तळाला भोकं असलेली छोटी टोपली त्याच झाडाला बांधा. वासाची गोष्ट खोटी आहे, हात लागला म्हणून पक्षी पिल्लू टाकत नाहीत.

आणि प्लीज, चोचीत पाणी किंवा दूध ओतू नका. जिभेच्या मुळाशीच श्वासनळीचं तोंड असतं, पाणी सरळ आत जाऊन पिल्लू गुदमरतं. मांजराने धरलं असेल तर वाट बघू नका, जखम दिसत नसली तरी लगेच पक्ष्यांवर उपचार करणाऱ्यांकडे न्या, मांजराच्या तोंडातले जंतू पिल्लाला मारतात.

प्रश्न: रोज एक अंडं वाढतंय पण मादी बसतच नाहीये. घरटं सोडून दिलं का?

नाही हो. बरेच छोटे पक्षी दिवसाला एक अंडं घालतात आणि अंडी पूर्ण होत आली की मगच उबवायला बसतात, म्हणजे पिल्लं साधारण एकदम बाहेर येतात. घुबडांचं उलटं, ती पहिल्या अंड्यापासूनच बसतात, म्हणून एकाच घरट्यात लहानमोठी पिल्लं दिसतात आणि खाणं कमी पडलं की धाकटं जातं. बघवत नाही, पण तिथे मधे पडू नका.

प्रश्न: पानांमुळे फोटो नीट येत नाही. एकदोन फांद्या बाजूला बांधल्या तर चालेल?

नाही चालणार, आणि हे मी दरवेळी जरा रागानेच लिहितो. ती पानं म्हणजे सावली आणि आडोसा दोन्ही. पिसं न फुटलेल्या पिल्लांना स्वतःचं तापमान सांभाळता येत नाही, भर उन्हात ती बघता बघता मरतात. शिवाय तुम्ही कुठे वाकून बघताय ते कावळा वरून बघत असतो. पिल्लं मोठी झाली की धोका वेगळा, जवळ गेलात की सगळी एकदम घाबरून बाहेर उडी मारतात, उडता येत नसताना. खूण लक्षात ठेवा: पक्षी चोचीत किडा धरून शेजारच्या फांदीवर ओरडतोय पण घरट्यात जात नाहीये, म्हणजे तुम्ही फार जवळ आहात, मागे सरका. दुर्बीण घ्या, फ्लॅश बंद, ड्रोन तर नकोच. आणि फोटो टाकताना लोकेशन काढा.

प्रश्न: भारद्वाजाने डोळ्यांदेखत सगळी पिल्लं नेली. हाकलायला हवं होतं का?

नाही, त्यालाही पिल्लं भरवायचीच असतात. वाटीसारख्या उघड्या घरट्यांपैकी पुष्कळशी अशीच मोडतात, आणि सीझन उरला असेल तर जोडी बरेचदा नवीन घरटं बांधते. घरातल्या मांजरीचं मात्र वेगळं, तिला तुम्ही खायला घालताच, तर पिल्लं बाहेर पडायच्या दिवसांत तिला आत ठेवा. गळ्यात घंटा बांधून भागत नाही, ज्याला अजून उडताच येत नाही त्याला घंटा ऐकू आली तरी ते जाणार कुठे?