बोर्डाची परीक्षाही आहे आणि नीटसाठी (वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी) रोज जेमतेम चार तास मिळतात. सुरुवात कुठून करू?

जीवशास्त्रापासून करा, आणि त्यासाठी एनसीईआरटीची, म्हणजे केंद्रीय अभ्यासक्रमाची, अकरावी-बारावीची पुस्तकंच ओळन्‌ओळ वाचा. कारण गणिताइतकं सरळ आहे: ७२० पैकी ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे, भौतिक आणि रसायनशास्त्राला प्रत्येकी १८०. शिवाय जीवशास्त्राचे बरेचसे प्रश्न पुस्तकातल्या वाक्यांवर, आकृत्यांवर आणि तक्त्यांवर बेतलेले असतात, त्यामुळे कमी वेळात इथे सर्वाधिक हाती लागतं. मी कनिष्ठ महाविद्यालयात हाच विषय शिकवते. राज्य मंडळाची मुलं फक्त बालभारतीचं पुस्तक धरून बसतात आणि अकरावी जवळजवळ सोडूनच देतात, याचं फार वाईट वाटतं. मुलं हुशार असतात, पण गुण तिथेच जातात. चार तासांपैकी दोन जीवशास्त्राला, एक रसायनला (असेंद्रिय रसायन पुस्तकातूनच पाठ करा), एक भौतिकच्या उदाहरणांना द्या. रविवारी घड्याळ लावून जुनी प्रश्नपत्रिका सोडवा, १८० मिनिटांत १८० प्रश्न. मग चुकलेल्या प्रश्नांचा धडा त्याच दिवशी पुन्हा उघडा. नवीन गाइड आता घेऊ नका. मात्र सरकारी महाविद्यालयातली एमबीबीएसची जागा हवी असेल तर नुसत्या जीवशास्त्रावर भागत नाही. तिथे भौतिकशास्त्रच मुलांना वेगळं करतं, म्हणून बोर्ड संपल्यावर मिळणारा जास्तीचा वेळ जवळपास सगळा त्यालाच द्या. आणि बोर्डाकडे पाठ फिरवू नका: खुल्या प्रवर्गाला बारावीत भौतिक, रसायन, जीव मिळून ५० टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसी प्रवर्गांना ४०.