वसतिगृहात टोरेंटवरून सिनेमे आणि क्रॅक केलेले सॉफ्टवेअर उतरवल्यास शिक्षा होऊ शकते का?

आपला मुलगा अभियांत्रिकीला असून वसतिगृहात टोरेंटवरून (म्हणजे वापरणाऱ्यांच्या संगणकांवरून थेट एकमेकांकडे फाइल उतरवण्याच्या पद्धतीने) सिनेमे आणि क्रॅक केलेले, म्हणजे परवान्याचे कुलूप तोडलेले, सॉफ्टवेअर उतरवतो, त्याला शिक्षा होऊ शकते का, असे आपण विचारले आहे. मी वकील नाही. मात्र एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेची जबाबदारी बरीच वर्षे सांभाळल्यामुळे कॉपीराइट कायदा, १९५७ मधील काही कलमे मला वाचावी लागली. मुले सिनेमाच्या बाबतीत बिचकतात आणि सॉफ्टवेअरच्या बाबतीत निर्धास्त असतात. कायदा वाचल्यावर मला नेमके उलटे वाटले.

२०१६ साली बंदी घातलेल्या संकेतस्थळांवर, तेथील मजकूर पाहणे हाही गुन्हा आहे, अशा आशयाची सूचना झळकू लागली होती. तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी, बेकायदा प्रत नुसती पाहणे हा गुन्हा नसून ती तयार करणे, विकणे किंवा सार्वजनिकरीत्या दाखवणे यांसारखी कृत्ये गुन्हा ठरतात, असे स्पष्ट केले. टोरेंटची अडचण अशी, की फाइल उतरत असतानाच तिचे आलेले तुकडे आपल्या संगणकावरून इतरांना पुरवले जातात, म्हणजे पाहणारा नकळत वाटपातही सामील होतो. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला कलम ६३ नुसार सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. व्यापारी लाभाचा हेतू नसेल, तर न्यायालय कारणे नोंदवून शिक्षा कमी करू शकते.

सॉफ्टवेअरला मात्र स्वतंत्र कलम आहे, ६३ब. त्यानुसार बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणे हाच गुन्हा असून किमान सात दिवसांची कैद सांगितलेली आहे. वापर नफ्यासाठी नसेल, तर न्यायालय कैद वगळून ५० हजारांपर्यंतचा दंड करू शकते. विद्यार्थ्यावर अशी कारवाई झाल्याचे मी स्वतः पाहिलेले नाही. क्रॅक चालवण्यासाठी अँटिव्हायरस बंद केल्यामुळे संगणक फॉरमॅट करावे लागलेले मात्र मी अनेकदा पाहिले, आणि त्यात एकाचा प्रकल्प अहवालही गेला.

चिरंजीवांना आराखडे काढण्याचे ऑटोकॅड हवे असेल, तर ते बनवणारी ऑटोडेस्क कंपनी ते पात्र विद्यार्थ्यांना विनामूल्य देते. गणिती आकडेमोडीच्या मॅटलॅबची पुष्कळशी कामे ऑक्टेव्ह या मोफत सॉफ्टवेअरमध्ये होतात. महाविद्यालयाने एखाद्या सॉफ्टवेअरचा परवाना घेतला आहे का, हे प्रयोगशाळेत विचारावे. आमच्याकडे परवाने पडून असत आणि मुले क्रॅक शोधत बसत.