क्लासची फी परत मिळते का बघा

प्रश्न : मुलगी ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) तिसऱ्या वर्षाला आहे. सीजीपीए 7.1, इलेक्ट्रोमॅग्नेटिक्समध्ये 42 गुण. उपग्रह आणि मोबाइल नेटवर्क यांच्यात स्पेक्ट्रम, म्हणजे रेडिओ लहरींचे पट्टे, कसा वाटून वापरायचा, यात तिला काम करायचंय. पण आता इंटरनेट थेट उपग्रहावरून येणार, टॉवर बंद पडणार. मी डेटा सायन्सच्या क्लासची फी भरली आहे. पुढे कोणता कोर्स घ्यावा? – एक पालक, कोथरूड

उत्तर : फी भरण्याआधी तिला विचारलंत का? दोन पानी पत्रात बॅचची वेळ आहे, शेजारच्या मुलाचं पॅकेज आहे. मुलीचं म्हणणं एका वाक्यात, तेही ‘तिला काय कळतंय’ असं शेपूट जोडून. या वयात बहुतेक मुलं ‘आयटी’ एवढंच सांगतात. तुमची मुलगी नेमका प्रश्न सांगतेय. त्यामुळे कोर्सचं नाव मी सुचवणार नाही.

आणि टॉवर कुठेही जात नाहीत. उपग्रहाचा एक बीम (झोत) तालुक्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या भागावर पडतो, त्याची क्षमता तिथल्या सगळ्यांत वाटली जाते. मुळशीच्या दऱ्यांत ती चालेल; गणपतीत लक्ष्मी रस्त्यावर कशी पुरणार? म्हणजे दोघंही राहणार, शेजारी म्हणून भांडणारही. उदाहरण घ्या : केबलवाल्याची मोठी डिश 3.7 ते 4.2 गिगाहर्ट्झवर चॅनेल घेते. 2022च्या लिलावात 5जीसाठी 3.3 ते 3.67 गिगाहर्ट्झचा पट्टा निघाला. कागदावर मध्ये 30 मेगाहर्ट्झ मोकळे. पण जुना एलएनबी, म्हणजे डिशच्या तोंडाशी बसणारा, सिग्नल वाढवून खालच्या वारंवारतेवर आणणारा भाग, 3.4पासूनच सगळं आत घेतो. उपग्रह 36 हजार किलोमीटरवर, टॉवर समोरच्या गच्चीवर; म्हणजे टॉवरचा सिग्नल कितीतरी जोरदार. 83 अंश पूर्व रेखांशावरच्या उपग्रहासाठी पुण्यातली डिश सुमारे 66 अंश वर बघते, तरी कडेने शिरलेला 5जी सिग्नल एलएनबीच्या अ‍ॅम्प्लिफायरला संपृक्त करतो, म्हणजे क्षमतेबाहेर भरतो, आणि 3.9वरच्या चॅनेलचंही चित्र फुटतं. मग लोक रिसीव्हर बदलत बसतात. बिघाड त्याच्या आधी, एलएनबीतच झालेला असतो. बँडपास फिल्टर (हवा तेवढाच पट्टा जाऊ देणारा) फीडहॉर्न, म्हणजे डिशसमोरचं सिग्नल गोळा करणारं नळकांडं, आणि एलएनबी यांच्या मध्येच हवा, एलएनबीनंतर लावून उपयोग शून्य. तोही थोडा सिग्नल खातो, ते लिंक बजेटमध्ये, म्हणजे सिग्नलच्या जमाखर्चात, धरावं लागतं.

आता तिच्यासाठी. गेट, ईएसई (यूपीएससीची इंजिनिअरिंग सेवा परीक्षा) तुला माहीतच आहेत. ईएसईतून इंडियन रेडिओ रेग्युलेटरी सर्व्हिसही मिळते, त्या सेवेचं काम याच विषयातलं. 7.1 मला खटकत नाही, ते 42 खटकतात. तो विषय पुन्हा पायापासून कर. ‘स्पेक्ट्रम शेअरिंग’ अशी पाटी लावलेल्या नोकऱ्या मोजक्या. सुरुवात आरएफ (रेडिओ सिग्नल) प्लॅनिंग किंवा टेस्टिंगनेच होईल.

प्रोजेक्टसाठी एखाद्या केबल ऑपरेटरची परवानगी काढून एलएनबीचं आउटपुट आरटीएल-एसडीआरवर (कॉम्प्युटरला जोडायचा रेडिओ डोंगल) बघ. 950 ते 1750 मेगाहर्ट्झ मिळेल, तेही उलटं : 3.5 गिगाहर्ट्झचा 5जी 1650वर दिसेल. एका वेळी जेमतेम 2.4 मेगाहर्ट्झ दिसतं, म्हणून स्वीप कर, म्हणजे तुकड्यातुकड्याने पुढे सरकत जा. त्याच केबलमधून एलएनबीला 13 ते 18 व्होल्ट जातात. डीसी ब्लॉक (हा व्होल्टेज अडवणारा जोड) विसरलीस तर डोंगल जळेल. फिल्टर लावून एक नोंद, काढून एक. मग गणित : डिशचा नॉइज 6 टक्क्यांहून वाढू नये, म्हणजे आय बाय एन (बाहेरचा अडथळा भागिले स्वतःचा नॉइज) उणे 12.2 डेसिबल. त्यासाठी टॉवर किती लांब हवा? पायथनमध्ये काढ. वडिलांची फी परत मिळाली नाही, तर क्लासचा तेवढा भाग कर.