‘लॉग जोडा’ म्हणजे हाकलणं नव्हे

प्रश्न : ताई, आमच्या शाळेला माजी विद्यार्थ्यांनी वापरलेले लॅपटॉप भेट दिले. विंडोज फार रखडतं, म्हणून स्वयंसेवकांनी चालवलेली एक मोफत लिनक्स प्रणाली टाकायचं ठरवलं. पेनड्राइव्ह तयार केला, इन्स्टॉलर सुरू झाला आणि ‘डिस्क सापडली नाही’ म्हणून अडून बसला. तक्रार नोंदवली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, तेही एका ओळीत : ‘कोणती आयएसओ? लॉग जोडा.’ मी लिहिलं, मी शिक्षक आहे, इंजिनिअर नाही. तुमचा इन्स्टॉलर भंगार आहे हे मान्य करा. त्यावर ‘अपुरी माहिती’ असा शेरा मारून तक्रार बंद! फुकट देतात म्हणून आम्ही काहीही खपवून घ्यायचं का?
— एक शिक्षक, देवरुख

उत्तर : सर, आधी तुमच्या बाजूनं बोलते. ते उत्तर कोरडं होतं. आयएसओ म्हणजे पेनड्राइव्हवर टाकायला उतरवलेली प्रणालीची फाइल आणि लॉग म्हणजे इन्स्टॉलर आपल्या प्रत्येक पावलाची ठेवतो ती नोंद. लॉग मागायचा तर तो कुठे मिळतो हे सांगायला हवं होतं. पहिल्यांदाच आलेल्या माणसाला ते ठाऊक असण्याचं कारण नाही. मी स्वतः अशाच एका प्रकल्पाकडे आलेल्या तक्रारी रात्री जेवणं उरकल्यावर वाचते आणि त्यांची वर्गवारी लावते. दिवसा नोकरी, मग घर, मग हे. आमच्यातल्या बऱ्याच जणांचं असंच आहे आणि दमलेला माणूस तुटक लिहितो. तरीही समोरच्याला दोन ओळी जास्त लिहिणं जमतं, जमवायलाच हवं.

मागणी मात्र रास्त होती. इतर प्रोग्रॅमना सगळं तयार मिळतं. इन्स्टॉलरची गाठ थेट यंत्राशी पडते : बायोसच्या (संगणक सुरू होताच चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या) सेटिंग्ज, अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणारं सिक्युअर बूट, डिस्कचा कंट्रोलर, वायफायची चिप. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपमध्येही वायफाय कार्डं वेगळी निघतात. तुमचं यंत्र देवरुखला आणि तक्रार वाचणारा कदाचित जर्मनीत. तिथे नेमकं काय घडलं हे त्याला फक्त लॉगमधून कळतं. आणि इन्स्टॉलेशन पुरं होईपर्यंत तो लॉग असतो नुसता मेमरीत. गाडी अडली की आपण वैतागून पॉवरचं बटण दाबून धरतो. त्याच क्षणी तो पुसला जातो. म्हणून मशीन बंद करायच्या आधी लॉग काढून घ्या, एवढं एक लक्षात ठेवा.

डेबियन या लिनक्स प्रणालीचा इन्स्टॉलर मला चांगला माहीत आहे, त्याचंच सांगते. त्याच्या मुख्य मेनूत खाली डीबग लॉग साठवण्याचा पर्याय असतो. त्यात ‘वेब’ निवडलं की तुमचा लॅपटॉपच छोटा वेब सर्व्हर होतो आणि त्याच नेटवर्कवरच्या दुसऱ्या संगणकावरून फाइली उतरवून घेता येतात. नेटवर्कच नसेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-४ एकत्र दाबा. लॉगच्या शेवटच्या ओळी पडद्यावर येतात. मोबाइलनं फोटो काढा. फोटोही चालतो, खरंच चालतो.

डेबियनकडे इन्स्टॉलेशन कसं झालं हे कळवायचा ठरलेला नमुना आहे. बूट झालं का, नेटवर्क कार्ड सापडलं का, डिस्कचे भाग पडले का, अशा पायऱ्या आणि प्रत्येकीपुढे चौकोनी कंस. नीट झालं तिथे ‘ओ’, चूक आली तिथे ‘ई’, तिथवर पोहोचलोच नाही तर रिकामं. सगळं सुरळीत झालं तरी कळवा, अशी त्यांची विनंती असते. मला ही पद्धत मनापासून आवडते, कारण ती भरायला इंजिनिअर असावं लागत नाही.

तुमच्या डिस्कचं बघू. लॅपटॉप इंटेलचे असतील आणि विंडोजला दिसणारी डिस्क इन्स्टॉलरला दिसत नसेल, तर बायोसमध्ये स्टोरेजची सेटिंग बहुधा ‘रेड’ किंवा ‘आरएसटी’ या डिस्क हाताळायच्या खास पद्धतीवर असेल. ती ‘एएचसीआय’ या साध्या पद्धतीवर आणून पाहा. उबुंटू या दुसऱ्या लिनक्स प्रणालीचा इन्स्टॉलर तर आरएसटी बंद करा असं पडद्यावरच सांगतो. सगळ्यांनीच तसं सांगावं असं माझं मत आहे. विंडोजही ठेवायचं असेल तर घाई नको. ही सेटिंग बदलल्यावर विंडोज सुरू न होण्याचा धोका असतो आणि डिस्कला कुलूप घालणारं विंडोजचं बिटलॉकर चालू असेल तर ते रिकव्हरी की, म्हणजे कुलूप उघडायचा लांबलचक आकडा, मागू शकतं. बॅकअप घ्या, की लिहून ठेवा, मगच हात लावा.

आता ‘फुकट म्हणून खपवून घ्यायचं का?’ नाही, मुळीच नाही. डेबियनमध्ये वर्षानुवर्षं लोकांची एकच रड होती : इन्स्टॉलर वायफाय ओळखत नाही. यात आळशीपणा नव्हता. वायफाय चिपला लागणारं फर्मवेअर, म्हणजे ती चालवणारा छोटा प्रोग्रॅम, बहुतेकदा कंपनीच्या मालकीचं, त्याचा सोर्स (मूळ कोड) खुला नाही. आणि १९९७च्या ‘सामाजिक करार’ या आपल्या जाहीरनाम्यात डेबियननं शंभर टक्के मुक्त राहण्याचं वचन दिलेलं. त्यामुळे अधिकृत आयएसओत फर्मवेअर नाही. ते असलेली आयएसओही बनत होती, पण ‘अनधिकृत’ म्हणून आडबाजूला. नवख्याला ती सापडणार कशी? २०२२ मध्ये तिथलेच एक जुने डेव्हलपर स्टीव्ह मॅकिंटायर यांनी हा विषय लावून धरला. काही लॅपटॉपचं ध्वनी कार्डही फर्मवेअरशिवाय मुकं राहतं, म्हणजे दृष्टिहीन माणसाला बोलता इन्स्टॉलर ऐकूच येत नाही, हा त्यातला मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सभासदांनी मतदान केलं, करारात दुरुस्ती झाली आणि जून २०२३च्या डेबियन १२ पासून फर्मवेअर अधिकृत आयएसओतच येतं. तक्रार करणारे बरोबर होते. वचन पाळणारेही प्रामाणिक होते. मधली वर्षं मात्र दोघांचीही फार चिडचिडीत गेली, याचं मला वाईट वाटतं.

सर, तुमची तक्रार पुन्हा उघडायची विनंती करा, आणि अशी लिहा : ‘लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल अमुक. आयएसओ फाइलचं नाव अमुक. पेनड्राइव्ह अमुक प्रोग्रॅमनं बनवला. डिस्क निवडायच्या पायरीवर यादी रिकामी. विंडोजमध्ये डिस्क दिसते. बायोसमध्ये स्टोरेज सेटिंग अमुक. फोटो जोडला आहे.’ ‘भंगार’ हा शब्द गाळा. रागावर तुमचा हक्क आहे, पण त्या शब्दापाशीच वाचणारा थांबतो आणि मुलांचे लॅपटॉप आणखी महिनाभर कपाटात राहतात.

प्रश्न : मी मराठी टायपिंगसाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहून मोफत ठेवला आहे. विंडोजवर इन्स्टॉल करताना निळा इशारा येतो, म्हणून लोक ‘व्हायरस पसरवतोस का’ अशा मेल पाठवतात. ‘इन्स्टॉल होत नाही, ताबडतोब बघ’ याशिवाय काही लिहीत नाहीत. सगळं बंद करावंसं वाटतं.
— एक तरुण प्रोग्रॅमर, सांगली

उत्तर : बंद करायचं तर खुशाल कर, तो तुझा निर्णय आणि त्यात कमीपणा नाही. पण तो इशारा खऱ्या भीतीचं कारण आहे रे. इन्स्टॉलरवर डिजिटल सही नसली आणि तो फारसा कुणी उतरवलेला नसला की स्मार्टस्क्रीन ही विंडोजची राखण त्याला अडवते. सामान्य माणूस घाबरणारच. डाउनलोडच्या बटणाशेजारीच त्या निळ्या खिडकीचं चित्र, ती का येते याचं दोन ओळींत मराठी स्पष्टीकरण आणि फाइलचा चेकसम, म्हणजे उतरवलेली फाइल तीच आहे का हे पडताळायचा संकेत, दे. अँटीव्हायरस बंद करा असं मात्र कुणालाही सांगू नकोस. मुक्त प्रकल्पांना साइनपाथ फाउंडेशन विनामूल्य सही देतं, तिथे अर्ज करून बघ.

आणि दडपणाखाली प्रकल्पाच्या किल्ल्या कुणाच्या हाती देऊ नकोस. एक्सझेड ही फाइली दाबून लहान करणारी प्रणाली फिनलंडचे लासे कॉलिन जवळजवळ एकहाती सांभाळत होते. २०२२ मध्ये काही अनोळखी नावं त्यांच्यामागे लागली : काम रखडलंय, दुसऱ्याला द्या. त्यांनी आपलं मन:स्वास्थ्य ठीक नसल्याचंही सांगितलं होतं. मदतीला आलेल्या ‘जिया टॅन’ नावाच्या व्यक्तीला पुढे अधिकार मिळाले आणि २०२४च्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा निघाला. सर्व्हरवर लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा माग काढताना आंद्रेस फ्रॉइंड यांना तो सापडला.

तक्रारीच्या अर्जात विंडोजची आवृत्ती, फाइलचं नाव आणि पडद्याचा फोटो हे तीन रकाने सक्तीचे ठेव. वर स्पष्ट लिही : ‘मी फक्त रविवारी उत्तरं देतो.’ आणि सोमवारी मेल उघडू नकोस.