पुण्यात ओळख नसताना लिंक्डइनवरून नोकरी मिळते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: जळगावात रसायनशास्त्रात बी.एस्सी. केल्यावर तुम्ही दोन वर्षांपासून तिथल्याच औद्योगिक वसाहतीत पाइपच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करता. सात महिन्यांत लिंक्डइनवरून दोनशेहून अधिक अर्ज केले, पण एकही फोन आला नाही. पुण्यात कोणाची ओळख नाही, तेव्हा हे सगळे शहरातल्या मुलांसाठीच आहे का?

तसे नाही, परंतु तुम्ही ज्या दाराशी उभे आहात ते दार चुकीचे आहे. २०१४ साली मीही त्याच दाराशी उभा होतो. पाचोरा तालुक्यातील गाव, जळगावात शिक्षण, तिथेच पाइपच्या कारखान्यात क्यूसी (गुणवत्ता नियंत्रण) केमिस्टची नोकरी, असा माझा प्रवास होता. आज मी चाकणजवळ प्लास्टिकचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागात आहे आणि वर्षातून दोन-तीन वेळा मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला बसतो. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी जे दिसते ते सांगू शकेन.

एका बोटात अर्ज पाठवणारे ते ‘इझी अप्लाय’चे बटण तुमच्यासारखेच इतर शेकडो जण दाबत असतात. आमच्या मनुष्यबळ विभागातील मॅडम आलेल्या अर्जांची यादी वरून वाचू लागतात आणि बोलावण्याजोगे सात-आठ जण मिळाले की थांबतात. उरलेले अर्ज कोणी नाकारत नाही, ते कोणी उघडतच नाही. बऱ्याचदा तर त्या यादीकडेही न जाता थेट शोधचौकटीत कामाचे शब्द टाइप करतात आणि ज्यांच्या प्रोफाइलमध्ये ते शब्द आहेत अशांची नावे काढतात. म्हणून पहिले काम अर्ज वाढवण्याचे नसून प्रोफाइलमध्ये योग्य शब्द घालण्याचे आहे.

नावाखालच्या ओळीत २२० अक्षरे मावतात. माझ्या त्या ओळीत तेव्हा ‘सीकिंग अ चॅलेंजिंग पोझिशन’ असे होते. आता मला कळते की शोधचौकटीत ‘चॅलेंजिंग’ हा शब्द आजवर कोणी टाइप केला नसेल. तुमच्या ओळीत तुम्ही हाताने करत असलेले काम यायला हवे: क्यूसी केमिस्ट, पीव्हीसी आणि एचडीपीई पाइप, आयएस ४९८५ व आयएस ४९८४ (या पाइपांची भारतीय मानके) नुसार चाचण्या, हायड्रोस्टॅटिक (पाण्याच्या दाबाची), एमएफआय (वितळलेले प्लास्टिक किती सहज वाहते), घनता. हे इंग्रजीत लिहा, कारण शोधणारा इंग्रजीतच शोधतो. खालच्या अनुभवाच्या भागात ‘मेहनती व प्रामाणिक’ असे लिहिण्यापेक्षा एका पाळीत किती नमुने तपासता, शून्य अंशावर ठेवलेल्या पाइपवर वजन टाकून केलेल्या आघात चाचणीत माल नापास झाला तेव्हा कारण कुठे सापडले, रेझिनमध्ये (कच्च्या प्लास्टिकमध्ये) की एक्स्ट्रूडरच्या (पाइप तयार करणाऱ्या यंत्राच्या) तापमानात, हे दोन ओळींत लिहा. मेहनती सगळेच असतात, परंतु बॅच का थांबवली हे ज्याला सांगता येते त्याला आम्ही बोलावतो.

एवढ्याने प्रोफाइल सापडण्याजोगे होईल, पण माझी नोकरी त्याने मिळाली नाही. ती मिळाली ओळखीने, आणि ‘ओळख नाही’ या तुमच्या वाक्याशी माझे मतभेद आहेत ते इथेच. लिंक्डइनवर प्रत्येक महाविद्यालयाच्या वा विद्यापीठाच्या पानावर माजी विद्यार्थ्यांचा विभाग असतो. त्यात ते सध्या कुठे राहतात, कोणत्या कंपनीत आहेत आणि कोणते काम करतात, अशी चाळणी लावता येते. शोधताना मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. आपल्या विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव २०१८ मध्ये मिळाले, त्यामुळे त्याआधी शिकलेल्या बहुतेकांच्या प्रोफाइलवर अजूनही ‘नॉर्थ महाराष्ट्र युनिव्हर्सिटी’ असेच आहे; आणि हे विद्यापीठ स्थापन झाले १९९० साली, म्हणजे त्यापूर्वी जळगाव, धुळे, अमळनेरच्या महाविद्यालयांतून बाहेर पडलेली, आज मोठ्या पदांवर किंवा निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेली मंडळी पुणे विद्यापीठाच्या नावाखाली सापडतील. तिन्ही नावांनी शोधा, महाविद्यालयाचे नाव वेगळे टाकून शोधा, आणि मग पुण्यात तुमची ओळख आहे की नाही ते मला सांगा.

मी त्या वेळी अशी अकरा नावे काढली आणि पुढचे तीन आठवडे कोणालाही काही लिहिले नाही. आपल्याकडच्या मुलांची ही मोठी अडचण आहे: अनोळखी मोठ्या माणसाला स्वतःहून लिहिणे आगाऊपणाचे वाटते. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण आजीच्या तोंडून शंभरदा ऐकली असेल, पण तिचा अर्थ मला त्या तीन आठवड्यांत कळला. शेवटी मी जो मजकूर पाठवला तो असा होता: ‘नमस्कार सर, मी आपल्याच कॉलेजचा, २०११ ची बॅच. जळगावला पाइपच्या लॅबमध्ये आहे. गाड्यांच्या प्लास्टिक पार्ट्सच्या क्यूसीमध्ये यायचे तर काय शिकावे लागेल? दहा मिनिटे बोलता येईल का?’ यात नोकरी मागितलेली नाही, बायोडेटा जोडलेला नाही, हे पाहा. नोकरी मागितली की समोरच्याकडे ‘सध्या जागा नाही’ हे एकच उत्तर असते. काय शिकावे हे विचारले तर त्याच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ असते. जोडणीच्या विनंतीसोबतच्या टिपणात जागा मोजकी असते आणि विनामूल्य खात्यातून अशी टिपणे महिन्याला थोडीच पाठवता येतात, म्हणून ती ज्याच्या-त्याच्यावर उधळू नका.

अकरांपैकी तिघांनी उत्तर दिले. त्यांतल्या एकांनी रविवारी संध्याकाळी फोन केला आणि पहिलाच प्रश्न अहिराणीत विचारला, “कोनतं गाव तुनं?” पुढची चाळीस मिनिटे त्यांनी मला समजावले की पाइपवाल्याला एक्स्ट्रूजन (वितळलेले प्लास्टिक सलग ढकलून पाइप काढणे) कळते पण इथे काम इंजेक्शन मोल्डिंगचे (ते साच्यात दाबून भाग बनवण्याचे) असते, आणि वाहन उद्योगात चाचणी येण्याइतकेच तिचे कागद येणेही महत्त्वाचे असते: पीपीएपी (नव्या भागाला ग्राहकाची मंजुरी घेण्याची कागदपत्रे), एमएसए (मोजमाप किती भरवशाचे ते तपासणे), एसपीसी (आकडेवारीने उत्पादनावर नियंत्रण), आणि वाहन उद्योगाचे गुणवत्ता मानक, तेव्हाचे टीएस १६९४९, ज्याच्या जागी आता आयएटीएफ १६९४९ आहे. मी ते शिकलो, दीड महिन्याने ‘एवढे झाले, एसपीसीत अमुक ठिकाणी अडलो आहे’ असे त्यांना कळवले, आणि चार महिन्यांनी त्यांच्या विभागात जागा निघाली तेव्हा त्यांनी स्वतःहून माझा बायोडेटा मागवला.

याला आपल्याकडे कोणी वशिला म्हणेल. तसे नाही. अनेक कंपन्यांमध्ये कर्मचाऱ्याने ओळखीच्या उमेदवाराचे नाव सुचवण्याची अधिकृत सोय असते. काही ठिकाणी तो उमेदवार रुजू झाल्यावर सुचवणाऱ्याला बक्षीसही देतात. त्याने एवढेच होते की तुमचा कागद ढिगातून उचलून वाचला जातो. माझ्या दोन मुलाखती इतरांसारख्याच झाल्या आणि दुसरीत मला एमएसएवर चांगलेच घाम फोडणारे प्रश्न विचारले गेले.

नोकरीची बातमी अशा दूरच्या माणसाकडून का येते, याचा विचार समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच मांडला होता: जवळच्या मित्रांना जे माहीत असते ते बहुधा आपल्यालाही माहीत असते, नवी माहिती येते ती सैल ओळखींकडून. लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांवर झालेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आले, त्यांतही असेच दिसले की नोकरी बदलायला सर्वाधिक उपयोग मध्यम सैल ओळखींचा होतो. अगदी घट्ट ओळखी तितक्या कामी येत नाहीत, आणि काहीच धागा नसलेल्याही नाहीत. एकाच महाविद्यालयाचा दहा वर्षे पुढचा विद्यार्थी ही नेमकी तशी ओळख आहे. तुमच्या शेजारच्या टेबलावरच्या मित्राला चाकणमध्ये जागा निघाल्याचे कळणार तरी कसे?

प्रोफाइल फोटोभोवतीच्या हिरव्या ‘ओपन टू वर्क’ पट्टीबद्दल सावध राहा. ती सर्वांना दिसेल अशी ठेवू नका, तुम्ही नोकरी शोधत आहात हे फक्त भरती करणाऱ्यांना दिसेल असा पर्याय निवडा. आणि तुमच्या सध्याच्या कंपनीतल्यांपासून ते लपवण्याचा प्रयत्न लिंक्डइन करते, परंतु तशी हमी देत नाही. जळगावची औद्योगिक वसाहत लहान आहे, तिथे बातमी चहाच्या टपरीवरून मालकापर्यंत पोहोचते.

प्रत्येक नोकरीसाठी हा मार्ग नाही, हेही सांगितले पाहिजे. जळगावातच दुसऱ्या पाइप, चटई किंवा डाळीच्या कारखान्यात जायचे असेल तर पर्यवेक्षकाचा एक फोन लिंक्डइनपेक्षा लवकर काम करतो, कारण तिथले बरेच मालक लिंक्डइनवर फिरकतही नाहीत. रेल्वे किंवा भुसावळ-वरणगावच्या आयुध निर्माणीसाठी जाहिरातीवर लक्ष ठेवून रीतसर अर्ज करणे हाच मार्ग आहे.

प्रोफाइल सुधारले की आणखी एक गोष्ट वाढते, ती म्हणजे ‘तुमची निवड झाली आहे’ असे संदेश. पुण्यातील एका सल्लागार संस्थेने २०१३ मध्ये माझ्याकडून नोंदणीचे म्हणून साडेतीन हजार रुपये घेतले. मुलाखतीचा म्हणून दिलेला पत्ता घेऊन मी रात्रीच्या गाडीने गेलो, तर तिथे झेरॉक्सचे दुकान होते. नोकरीसाठी उमेदवाराकडून पैसे मागणारा, मग ते प्रशिक्षणाचे असोत, लॅपटॉपचे असोत की कागदपत्र पडताळणीचे, खरा नसतो असेच समजा. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन करा. जितका उशीर, तितके ते परत मिळणे अवघड.

तुमच्या नावाखालची सध्याची ओळ आणि तुम्ही नियमित करत असलेल्या चाचण्यांची नावे इथे खाली लिहा, कारखान्याचे नाव नको. येत्या रविवारी मी ती ओळ सुधारून देईन, आणि चाकण-भोसरी भागात सध्या कोणत्या शब्दांनी माणसे शोधली जातात तेही आमच्या मॅडमना विचारून कळवीन.